डी अँड डी: लढाई चालू असताना नियम शोधायचा की नाही?

गुहेतला_डीएम:
आमचा गट डी अँड डी (डंजन्स अँड ड्रॅगन्स, फासे टाकून आपापलं पात्र खेळवायचा कथा-खेळ) २०१४ च्या नियमपुस्तकांवर खेळतो. परवा लढाई ऐन रंगात आली असताना फायटरने (एका खेळाडूच्या योद्ध्याने) ओग्र नावाच्या राक्षसाला पकडायचं ठरवलं. दोघांनी पुस्तकं उघडली, तिसऱ्याने मोबाइलवर २०२४ च्या आवृत्तीचा नियम वाचून दाखवला, आणि वाद पेटला. डाव असा थांबला की सगळ्यांचा उत्साह उतरतो, मला फार वाईट वाटतं. तुम्ही काय करता?

जुना_फासा:
आधी आवृत्ती एकच ठरवा. २०१४ मध्ये दोघं फासा टाकतात आणि कौशल्यं भिडतात: पकडणाऱ्याचं अ‍ॅथलेटिक्स विरुद्ध समोरच्याचं अ‍ॅथलेटिक्स किंवा अ‍ॅक्रोबॅटिक्स. २०२४ मध्ये समोरचा स्ट्रेंग्थ (ताकद) किंवा डेक्स्टेरिटीचा (चपळाई) सेव्ह, म्हणजे बचावाचा फासा टाकतो. दोन्ही बरोबर, मग वाद मिटणार कसा?
बाकी नियम आठवत नसेल तर डीएमने (खेळ चालवणाऱ्याने) फाशावर गाठायचा आकडा सांगावा: सोपं १०, मध्यम १५, अवघड २०. फासा टाका, पुढे चला, पुस्तक खेळ संपल्यावर. अपवाद मी एकच मानते. पात्राचा जीव जाणार असेल तर नियम शोधायचाच, कितीही वेळ लागो. कोणी इतकं जपलेलं पात्र अंदाजाने मारणं मला पटत नाही.

शाईचा_डाग:
ज्याचा स्पेल (मंत्र), त्याने पाळी येण्याआधी वाचून ठेवायचा. आमच्याकडे एवढ्यानेच खूप फरक पडला.

गुहेतला_डीएम:
अपवाद पटला. पण ओग्र लार्ज (मोठ्या आकाराचा) आहे, मीडियम (मध्यम आकाराच्या) फायटरला पकडता येतो ना?

जुना_फासा:
येतो. एक आकार मोठा चालतो. पकडला की त्याचा वेग शून्य, आणि सुटायला त्याची त्या पाळीतली अ‍ॅक्शन खर्च होते.