मदत हवी आहे: इमारतीमागचा उतार पावसाच्या पाण्यानं वाहून जातोय

नमस्कार मंडळी. आमच्या इमारतीमागे वीसेक फुटांचा मातीचा उतार आहे. त्याच्या पायथ्याशी संरक्षक भिंत, आणि भिंतीला लागून खाली दुसऱ्यांची घरं. तीन वर्षांपूर्वी चिखल होतो म्हणून आम्ही सगळं अंगण काँक्रीटचं केलं. तेव्हापासून गच्चीचं आणि अंगणाचं पाणी एका कोपऱ्यात येतं आणि पाइपमधून थेट उताराच्या माथ्यावर पडतं. आधी तिथे बोटभर ओघळ होता, या पावसाळ्यात गुडघाभर घळ झाली आहे. कडेच्या झाडाची मुळं उघडी पडलीत. भिंतीतली पाणी निघायची भोकं निम्मी बुजली आहेत आणि मधोमध भिंतीला पोट आल्यासारखं वाटतं.

गच्ची ६०० चौरस मीटर, अंगण ४००. कमिटी म्हणते, उतारावर सिमेंटचा थर मारून टाकू. मला ते पटत नाही, पण कारण नीट मांडता येत नाही. खालच्या घरांत लहान मुलं आहेत. रात्री पाऊस वाढला की मी टॉर्च घेऊन भिंत बघून येतो. काय करू?

प्रतिसाद १
आधी भिंत. मागे पाणी तुंबलं की मातीच्या रेट्यात पाण्याचा रेटा मिळतो, पोट येतं ते त्यानंच. स्ट्रक्चरल इंजिनिअरला लगेच दाखवा. भोकंही त्यांना विचारूनच मोकळी करा. आणि खालच्या लोकांना आजच सांगा, जोराच्या पावसात भिंतीलगतच्या खोलीत झोपू नका म्हणावं.

आता कमिटीसाठी हिशोब. एका चौरस मीटरवर १ मिमी पाऊस म्हणजे १ लिटर पाणी. तासाला ५० मिमी पडला तर तुमच्याकडे ५०,००० लिटर. त्यातलं ९० टक्के वाहिलं, तरी सेकंदाला साडेबारा लिटर एकाच जागी कोसळतं. सिमेंटच्या थरानं यातला एक थेंबही कमी होत नाही. कडेनं शिरलेलं पाणी थराखालची माती नेतं, वरचं कवच पोकळ राहतं आणि एक दिवस अख्खं खाली येतं.

पाणी बंद पाइपनं भिंतीपलीकडे पावसाळी गटारापर्यंत न्या.

प्रतिसाद २
माथ्यावर शोषखड्डा घेतला तर?

प्रतिसाद १
तिथे अजिबात नको! मुरलेलं पाणी उताराच्या पोटात जाऊन माती जड आणि ढिली करेल. शोषखड्डा सपाट जागी, इमारतीच्या पायापासून आणि उतारापासून लांबच बरा.

प्रतिसाद ३
पाणी वळवल्यावर उतारावर वाळा लावा. आडव्या ओळी, रोपं अगदी जवळजवळ. मधे काथ्याची जाळी अंथरून खुंट्यांनी घट्ट बसवा. वाळ्याची मुळं पसरत नाहीत, सरळ खाली दोन-तीन मीटर जातात. पण ती धरेपर्यंत एक पावसाळा जातो, तोवर जाळीचाच आधार.

धागाकर्ता
मनापासून आभार. खालच्या तिन्ही घरी आत्ताच सांगून आलो, इंजिनिअर उद्या सकाळी येतायत. हातात सहा इंची पाइप आहे, पुरेल का?

प्रतिसाद १
१०० फुटांना १ फूट उतार दिलात तर सहा इंची पीव्हीसी पाइप पूर्ण भरून सेकंदाला साधारण १८ लिटर नेतो. तासाला ७५ मिमी पाऊस झाला की तो तुडुंब. आठ इंचीच टाका, आणि तोंडाशी पालापाचोळा अडवायला जाळी बसवा.