निरोप कोण घेतो आणि कोण देतो?

प्रश्न
येथील तीन वर्षांची नेमणूक संपवून मायदेशी परतणाऱ्या एका जपानी अभियंत्याचे, मराठी सहकाऱ्यांसाठी लिहिलेले पत्र मी मराठीत आणत आहे. त्यात ‘ताइहेन ओसेवा नि नारिमाशिता’ असे एक वाक्य आहे, ज्याचा शब्दशः अर्थ ‘आपण माझी फार काळजी वाहिलीत’ याच्या जवळ जातो. कामकाजाच्या रोजच्या जपानी पत्रांत ‘ओसेवा नि नात्ते ओरिमासु’ हे सुरुवातीलाच येते. निघताना तेच क्रियापद भूतकाळात जाते आणि तेवढ्यानेच वाचणाऱ्याला काय ते कळते. ‘आपले सहकार्य लाभले’ हे त्यापुढे अगदीच कोरडे वाटते. दुसरी अडचण अशी, की शेवटी मी ‘आता आपला निरोप घेतो’ असे लिहिले होते, ते तपासणाऱ्यांनी ‘आता आपल्याला निरोप देतो’ असे बदलले. पत्र लिहिणारा बोलतो आहे, म्हणून निरोप तोच देतो, असे त्यांचे म्हणणे आहे. जाणकारांनी कृपया मत द्यावे.

प्रतिसाद १
आपलेच बरोबर आहे. जुन्या पोथ्यांत ‘गुरुनिरोप’ हा शब्द गुरूची आज्ञा या अर्थाने येतो आणि कन्नडमध्येही ‘निरूप’ म्हणजे आज्ञाच. निरोप देणे म्हणजे जाण्याची अनुज्ञा देणे, त्यामुळे राहणारा तो देतो आणि जाणारा तो घेतो. ‘निरोप देतो’ असे जाणाऱ्याने लिहिले, तर तो सहकाऱ्यांनाच बाहेर पाठवतो आहे असा अर्थ होईल.

प्रतिसाद २
हे व्युत्पत्तीला धरून झाले, पण आज निरोप म्हणजे सांगावाही होतो आणि सांगावा तर पाठवणाराच देतो. अभियंत्याचे पत्र हा त्याने दिलेला निरोपच नव्हे काय? शंभर माणसे एखादा प्रयोग करू लागली की तो चुकीचा राहत नाही. शिवाय ‘ओसेवा’ हा आपला ‘सेवा’ शब्दच बौद्ध धर्माबरोबर जपानला गेला असावा, असे मला फार दिवसांपासून वाटते. मग ‘आपण माझी सेवा केलीत’ असे सरळ का लिहू नये?

प्रतिसाद ३
केवळ उच्चार जुळले म्हणून शब्दांचे नाते ठरत नाही. त्यातला ‘ओ’ हा आदरार्थी उपसर्ग आहे आणि मूळ शब्द ‘सेवा’ म्हणजे देखभाल. तो लहान मुलांच्या आणि रोपांच्या बाबतीतही वापरतात. मराठीतील ‘सेवा’ खालून वर जाते, म्हणजे भक्त देवाची करतो आणि सून सासूसासऱ्यांची करते. वरिष्ठाने ‘तुम्ही माझी सेवा केलीत’ असे सहकाऱ्यांना लिहिले, तर ते त्यांना चाकर म्हटल्यासारखे होईल, आणि मूळ वाक्यातली नम्रता तर पूर्ण उलटी होईल. ‘आपण मला सांभाळून घेतलेत’ असे लिहावे. नवख्या माणसाची भाषा कळत नसताना बैठकीत शेजारी बसून हळू आवाजात सगळे समजावून सांगणाऱ्याला आपण हेच म्हणतो.

प्रतिसाद ४
‘सांभाळून घेतले’ या शब्दांत माणसाच्या उणिवांकडे बोट जाते. शेवटच्या पत्रात तसे कशाला? राहिला शेवट, तर ‘आपली रजा घेतो’ असे लिहावे, म्हणजे देण्याघेण्याचा वादच मिटेल.

प्रतिसाद १
‘रजा’ अरबी आहे. घरचा ‘निरोप’ हाताशी असताना बाहेरचा शब्द कशासाठी? १७ व्या शतकात शिवाजी महाराजांनी राज्यव्यवहारकोश करवून घेतला, तो याच जाणिवेतून.

प्रतिसाद ४
त्या कोशानंतरही आपण अर्ज करतो, हुकूम मानतो आणि राजीनामाही देतो. ‘रजा’, ‘राजी’ आणि ‘राजीनामा’ हे तिन्ही शब्द संमती दाखवणाऱ्या एकाच अरबी धातूचे आहेत, म्हणजे ‘रजा घेतो’ यातही अनुज्ञाच आहे. ज्या अर्थासाठी आपण ‘निरोप’ लावून धरता, तोच अर्थ ‘रजा’ देत असेल, तर केवळ कुळ पाहून तो शब्द नाकारणे मला पटत नाही.

प्रश्नकर्ता
‘ओसेवा’च्या वाक्याबद्दल आणखी कोणी सुचवू शकेल का? पत्र उद्या द्यायचे आहे.

प्रतिसाद ५
निरोप आणि रजा दोन्ही बाजूला ठेवा. मराठी माणूस निघताना ‘जातो’ म्हणत नाही, ‘येतो’ म्हणतो. माझी आजी ‘जातो’ म्हणणाऱ्याला उंबऱ्यातून मागे बोलावून ‘येतो म्हण’ असे म्हणायला लावत असे. विशेष म्हणजे जपानी ‘सायोनारा’चे मूळही ‘तसे असेल तर’ असे आहे, म्हणजे आपले ‘बरं तर, येतो’ यातला पहिला अर्धा भाग. पत्राचा शेवट ‘बरे तर, येतो’ असाच करावा.

प्रतिसाद २
जो माणूस बहुधा पुन्हा येणार नाही, त्याने ‘येतो’ असे लिहून द्यावे हे मला खोटे वाटते. बोलताना ते चालते, कारण तेव्हा समोरचा ते शुभशब्द म्हणून ऐकतो. लिहिलेले मात्र आश्वासन म्हणून वाचले जाते.

प्रतिसाद ५
‘लोभ असावा’ हेही आपण लिहूनच देतो, आणि ते वाचून कोणी लोभाचा हिशेब मागत नाही. लिखित मराठीतून ‘येतो’ काढून टाकायचे असेल, तर आधी त्याच्या जागी काय ठेवणार ते सांगावे.