चाळणीचे प्रश्न: पेपर आपणच फोडतो का?

सरळरेघ (धागाकर्ता)

रात्रपाळी करणाऱ्यांच्या झोपेवर आमचा अभ्यास चालू आहे. तासाभराची मुलाखत, त्याचं मानधन. नावनोंदणीत चाळणीचे प्रश्न होते, म्हणजे कोण पात्र ते ठरवणारे. त्यातला पहिलाच: 'तुम्ही रात्रपाळीत काम करता का? हो / नाही.' त्यातून १२ जण निवडले. मुलाखतीत 'शेवटच्या रात्रपाळीला किती वाजता सुटलात?' एवढं विचारल्यावर चौघांची गाडी तिथेच अडली. एकाने तर सरळ सांगून टाकलं, "जाहिरातीतच लिहिलं होतं ना, रात्रपाळीवाले हवेत म्हणून!"

सहकाऱ्यांचं म्हणणं, लोक खोटारडे असतात. माझं म्हणणं, पेपर आम्हीच फोडला. 'हो' म्हटलं की पैसे, 'नाही' म्हटलं की घरी जा, असा प्रश्न विचारल्यावर दुसरं काय होणार?

तेव्हा माझा प्रस्ताव असा. जाहिरातीत 'काम आणि दिनक्रम' एवढंच लिहायचं. हो/नाही बंद. 'मागच्या आठवड्यात यांपैकी कोणत्या वेळांत कामावर होतात?' असं विचारून सात-आठ पर्याय द्यायचे, आपल्याला कोणता हवाय हे कळता कामा नये. 'नेहमी', 'बऱ्याचदा' हे शब्द हद्दपार, कारण ज्याचं त्याचं 'नेहमी' वेगळं. आणि जवळजवळ कुणालाच लागू होणार नाही असा एक प्रश्न मध्येच पेरायचा. प्यू रिसर्च सेंटर या जनमत चाचण्या घेणाऱ्या संस्थेने २०२२ मध्ये अमेरिकेतल्या एका ऑनलाइन सर्व्हेत हेच केलं होतं: अणुपाणबुडी चालवायचा परवाना आहे का? तिशीच्या आतल्या १२ टक्के लोकांनी हो म्हटलं! एवढे परवानाधारक खरे असते तर समुद्रात वाहतूक कोंडी झाली असती.

जुनं_गिऱ्हाईक

साफ असहमत. मी फावल्या वेळात सर्व्हे भरतो, म्हणजे तुमच्या चाळणीच्या खालच्या बाजूला असतो. तिथून दिसतं ते सांगतो.

अभ्यास कशावर आहे ते सांगायचं नाही, पंधरा मिनिटं वीस-पंचवीस प्रश्न विचारायचे, आणि शेवटी 'क्षमस्व, आपण पात्र नाही'. मानधन शून्य. माझी माहिती मात्र तुमच्याकडे जमा. पहिल्याच ओळीत 'रात्रपाळीवाले हवेत' लिहिलं असतं तर मी तिथूनच परत फिरलो असतो. चार खोटारड्यांसाठी चारशे प्रामाणिक माणसांचा वेळ खायचा हा कुठला न्याय?

आणि तुमच्या त्या हुशार प्रश्नात भोक आहे. मागच्या आठवड्यात माझी दिवसपाळी होती. पाळी फिरती असते साहेब. मी खरा रात्रपाळीवाला आणि मीच बाद.

सरळरेघ

फिरत्या पाळीचा मुद्दा बिनशर्त मान्य. 'मागच्या चार आठवड्यांत' करतो. पंचवीस प्रश्नांचं पाप मात्र माझ्या माथी मारू नका. माझे सहाच आहेत, आणि बाद करणारा पहिल्या दोनांतच येतो.

आकडेमोड

भावना बाजूला ठेवून गणित करू. १००० जणांनी फॉर्म भरला. तुम्हाला हवा तसा माणूस शंभरात एक, म्हणजे खरे १०. उरलेल्या ९९० पैकी फक्त ५ टक्के खोटं बोलले किंवा चुकले, तरी ते झाले पन्नासच्या आसपास. चाळणीतून ६० जण खाली आले, त्यातले ५० नकली. म्हणजे सहातले पाच! आता हवा तसा माणूस दोनात एक असेल तर? ५०० खरे, २५ नकली. दुर्लक्ष केलं तरी चालेल.

म्हणून 'अट लपवायची की सांगायची' याला एकच उत्तर नाही. गट जितका दुर्मीळ, तितकं लपवणं गरजेचं. चँडलर आणि पाओलाची या संशोधकांचा २०१७ चा अभ्यास आहे: पात्रतेची अट उघड असली की खोटं सांगणाऱ्यांचं प्रमाण बरंच वाढतं. त्यापेक्षा सगळ्यांची साधी माहिती आधी, कुठल्याही आमिषाशिवाय घ्यावी आणि त्यातून निवडून नंतर बोलवावं. जुनं_गिऱ्हाईक यांची तक्रारही त्यात बरीचशी मिटते, कारण तो पहिला फॉर्म छोटा असतो आणि त्याचे पैसे देता येतात.

चष्मा_हरवला

सगळे खोटारडे पकडण्यात गुंग आहेत. चाळणीत खरी माणसं किती अडकतात ते कोण मोजतंय?

अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे तिथे औषधांना मंजुरी देणाऱ्या सरकारी संस्थेने, १९७७ मध्ये मार्गदर्शन काढलं होतं की मूल होऊ शकेल अशा वयाच्या स्त्रियांना औषधचाचण्यांच्या सुरुवातीच्या टप्प्यांतून वगळावं. हेतू चांगलाच होता. ते मागे घ्यायला १९९३ उजाडलं. झोपेचाच विषय निघालाय म्हणून सांगते: झोल्पिडेम ही झोपेची गोळी तिथे १९९२ पासून मंजूर, आणि स्त्रियांसाठी तिची मात्रा १० मिलिग्रॅमवरून ५ वर आणायची शिफारस आली २०१३ मध्ये, कारण त्यांच्या शरीरातून ती हळू बाहेर पडते. हे चाळणीमुळेच घडलं असं मी म्हणत नाही. पण कोण आत आणि कोण बाहेर, याचे परिणाम गोळीपर्यंत पोचतात.

सरळरेघ, तुमच्या अभ्यासातही असणारच: इतर आजार नको, झोपेचं औषध नको, घरात तान्हं मूल नको. मग उरतो कोण? ज्याला झोपेची काही अडचणच नाही तो.

आकडेमोड

तुम्ही दोन गोष्टींची गल्लत करताय. अट काय ठेवायची हा एक प्रश्न, ती कशी तपासायची हा दुसरा.

चष्मा_हरवला

कागदावर दोन. फॉर्म भरणाऱ्याच्या हातात एकच बटण असतं. रात्रभर जागून सकाळी तारवटलेल्या डोळ्यांनी फोनवर फॉर्म भरणारा माणूस तुमच्या पाणबुडीवर चुकून टिचकी मारणार. म्हणजे ज्याची झोप सगळ्यात जास्त बिघडलीय तोच आधी बाद!

सरळरेघ

हे मात्र लागलं. पेरलेला प्रश्न ठेवतो, पण त्यावर कुणाला बाद करणार नाही, फक्त खूण करून ठेवतो. तान्ह्या मुलाची अट आहे आमच्यात, ती कुणी घातली तेच आता आठवत नाहीये. काढायचा प्रयत्न करतो. मार्गदर्शकांशी वाद होणार.

शेवटची निवड फॉर्मवर न करता चार मिनिटांच्या फोनवर करावी असं डोक्यात आहे. एकच मोकळा प्रश्न: 'शेवटची रात्रपाळी घरातून निघाल्यापासून परत येईपर्यंत सांगा.' जो खरंच करतो तो काही न विचारता बारीकसारीक सांगत सुटतो. दुपारी दोन ते चार वेळ ठेवलीय फोनला. त्या चार मिनिटांचेही पैसे, निवड होवो न होवो.

जुनं_गिऱ्हाईक

पैशांचं चांगलं केलंत. पण दुपारी दोनला फोन उचलणारा माणूस रात्रपाळीवाला नसणार हो. तो तेव्हा झोपलेला असतो.