पद्मिनीला नवा वेबर कार्बोरेटर बसवला, आता रेस खालीच येत नाही

पद्मिनी८६
मंडळी, नमस्कार. मी नाशिकचा, इंदिरानगर. गाडी प्रीमियर पद्मिनी, ८६ ची, वडिलांनी घेतलेली. बुकिंग करून किती वाट पाहिली ती कथा ते अजून घरी येणाऱ्या प्रत्येकाला ऐकवतात, तुमची सुटका करतो. इंजिन मूळचंच, १०८९ सीसी, एकदा बोअर केलेलं.

जुना सोलेक्स कार्बोरेटर (इंजिनासाठी हवा-पेट्रोल मिसळणारा भाग) तीन-चार वर्षं छळत होता. त्याचा स्पिंडल, म्हणजे हवेची झडप फिरवणारा दांडा, बोटांत धरून हलवला की खुळखुळ्यासारखा वाजायचा. आयडलिंग, म्हणजे पेडल सोडल्यावरची इंजिनाची संथ चाल, धरायचं नाही, त्यामुळे मुंबई नाक्याच्या सिग्नलला पंजा ब्रेकवर, टाच ॲक्सिलरेटरवर, अशी माझी कसरत. शेवटी मिस्त्री म्हणाले, यात आता राम नाही, नवा टाका. मी ऑनलाइन वेबर ३२/३६ ची (३२ आणि ३६ मिमीचे दोन गळे असलेल्या कार्बोरेटरची) कॉपी मागवली. साडेआठ हजार. खोक्यावर बनवणाऱ्याचं नाव नाही, आत कागदाचा चिटोरा नाही, जेट मात्र सोन्यासारखे चकचकीत. सोबत ॲल्युमिनियमची अडॅप्टर प्लेट आली, कारण आपल्या मॅनिफोल्डला एक भोक आणि याला दोन. मूळ कार्बोरेटरखाली बोटभर जाड काळा स्पेसर होता. प्लेटमुळे उंची वाढून बोनेट लागत होतं, म्हणून मिस्त्रींनी तो काढून टाकला.

आता रडगाणं.

गाडी पहिल्या सेल्फला सुरू झाली, मी पेढे आणायला निघणार तेवढ्यात लक्षात आलं की रेस खाली येतच नाही. मित्राचा टॅकोमीटर लावला तर १८०० आरपीएम. रेसचा स्क्रू पूर्ण सैल केला, लिव्हरला टेकतसुद्धा नाही, तरी १८००. मिक्श्चरचा स्क्रू आत घ्या, बाहेर घ्या, इंजिनाला फरक शून्य. प्लग काढले तर चारही काजळी धरलेले. आणि तिसऱ्यात चाललोय, पेडल दाबलं, की आधी 'भक्' करून घुसमटते, मग शुद्धीवर येते.

रविवारी पांडवलेणीजवळ पूर्ण दाबला तर ॲक्सिलरेटर तिथेच अडकला. मागे वडील बसलेले. चावी बंद करून बाजूला घेतली. त्यांनी एवढंच विचारलं, "जुना कुठे ठेवलायस?"

जुना आहे माझ्याकडे, बिस्किटांच्या डब्यात. पण साडेआठ हजार घालून बसलोय. हा वेबर लाइनीवर येईल का?

त्र्यंबकरोड_रायडर
विकून टाका आणि फ्युएल इंजेक्शनवाली घ्या 😀

पद्मिनी८६
हे वडिलांसमोर येऊन बोला भाऊ.

लेथवाला_सातपूर
दादा, आधी एक सांगा. कार्बोरेटरच्या बाजूला काळी गोल डबी आहे का, आणि तिला वायरची पिन? असेल तर तुमचा इलेक्ट्रिक चोकवाला आहे, डीजीईव्ही मॉडेल; चोक म्हणजे थंड इंजिन सुरू करताना हवा अडवणारी झडप. ती वायर कुठे जोडलीय?

पद्मिनी८६
डबी आहे. वायर नाही. पिन मोकळीच. मिस्त्री म्हणाले, हे थंड देशातल्या गाड्यांना, आपल्याकडे लागत नाही.

लेथवाला_सातपूर
निम्मा आजार तिथेच आहे. त्या डबीत एक गुंडाळीची पट्टी असते. करंट मिळाला की ती तापते आणि चोकची झडप उघडते. करंटच नाही तर झडप अर्धवट मिटलेली, म्हणून प्लग काळे. त्याच चोकला फास्ट आयडलचा कॅम जोडलेला असतो, तो रेस वर धरून ठेवतो. तुम्ही दुसराच स्क्रू फिरवत बसलात. चावी लावल्यावरच चालू होणाऱ्या १२ व्होल्टच्या वायरवर जोडा, फ्यूज टाकून. कॉइलवरून घेऊ नका, स्पार्क कमजोर होतो.

दुसरं, खालचे चार नट. मिस्त्री लोक जोर लावून आवळतात. प्लेट सपाट नसली की कार्बोरेटरचा पाया वाकतो आणि स्पिंडल आवळला जातो, मग बटरफ्लाय, म्हणजे ॲक्सिलरेटरने उघडणारी हवेची झडप, पूर्ण मिटत नाही. इंजिन बंद असताना चारही नट अर्धा फेरा सैल करा आणि कान देऊन ऐका.

तिसरं, ॲक्सिलरेटर अडकला ते हसण्यावारी नेऊ नका. कार्बोरेटर उतरवा, पूर्ण उघडून धरा आणि खालून बघा. मोठी बटरफ्लाय उघडताना खाली उतरते. प्लेटचं भोक लहान असेल तर तिथे घासते. हे होईपर्यंत गाडी फाटकाबाहेर काढू नका. रिटर्न स्प्रिंग एक असेल तर दोन लावा.

ओझरचे_काका
सातपूरकरांनी बरोबर सांगितलं. मी वेगळं बोलतो, राग मानू नका.

३२/३६ हा दीड-दोन लिटरच्या इंजिनाचा माल. तुमचं १०८९ सीसी, ताकद पूर्ण निघते ४८०० आरपीएमला. चार स्ट्रोक म्हणजे दोन फेऱ्यांत एकदा भरतं. हिशोब करा, शंभर टक्के भरलं तरी मिनिटाला साधारण २६०० लिटर हवा, आणि तेवढं कधी भरत नाही. एवढ्याशा हवेला रुंद गळा दिला की ती रमतगमत जाते. कार्बोरेटर पेट्रोल ओढतो तो हवेच्या वेगावर. वेग नाही तर ओढ नाही. तुमचं 'भक्' त्यातलंच आहे.

तरी ॲक्सिलरेटर पंप तपासा, फुकट आहे. इंजिन बंद, फिल्टर काढा, आत बघत लिव्हर हाताने ओढा. लगेच पेट्रोलची बारीक धार उडाली पाहिजे. उशिरा आली किंवा नुसती ठिबकली तर पंपाचा पडदा गेला.

आणि तो काळा स्पेसर परत बसवा. तो उंचीसाठी नव्हता, मॅनिफोल्डची उष्णता वर चढू नये म्हणून होता. ॲल्युमिनियमची प्लेट म्हणजे तवा. उन्हाळ्यात कसारा चढून इगतपुरीला चहाला थांबा, कार्बोरेटरच्या वाटीतलं पेट्रोल उकळेल आणि गाडी परत सुरू होताना तुमचा घाम काढेल. मी त्या घाटात ॲम्बेसेडरच्या पेट्रोल पंपावर ओला टॉवेल गुंडाळून दिवस काढलेत.

आपलं मत विचाराल तर सोलेक्सला बुश मारा, म्हणजे स्पिंडलच्या झिजलेल्या भोकांत नवी कडी बसवा. कोणी मारुती ८०० चा मिकुनी बसवायला सांगेल. तो बसतो, बरा चालतो, पण त्यालाही प्लेट आलीच.

निफाड_द्राक्षवाला
काकांना अनुमोदन. एक भर घालतो. आता पंपावर ई२०, म्हणजे २० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल मिळतं. इथेनॉलमध्ये ऑक्सिजन असतो, त्यामुळे जुन्या जेटवर मिश्रण पातळ होतं, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडतं. आणि जुने रबरी पाइप, पंपाचा पडदा फुगतात. कार्बोरेटर कुठलाही ठेवा, पाइप बदला. माझा एक आतून लगद्यासारखा निघाला होता.

पद्मिनी८६
सगळ्यांचे आभार. दोन शनिवार गेले, सांगतो काय झालं.

चोकला वायर दिली. पाच मिनिटांत झडप उभी राहिली, एकदा रेस दिल्यावर १८०० वरून १२०० वर आली. मग सातपूरकरांचे नट. तीन सैल केले, काही नाही. चौथा, मागचा, फायरवॉलकडचा, जिथे पाना नीट जात नाही तो अर्धा फेरा सोडला आणि आतून 'टक्'. मोठ्या बटरफ्लायचा लिव्हर स्वतःहून जागेवर बसला. मी घरात जाऊन बायकोला बोलावून आणलं, परत आवळून, परत सोडून दाखवला. तिला आवाज ऐकू आला नाही म्हणे.

प्लेट उतरवली. भोकाच्या कडेला नखाएवढी चंद्रकोर घासून चकचकीत झालेली. म्हणजे पांडवलेणीला अडकला तो इथेच. काच सपाट टेबलावर ठेवून वर पॉलिश पेपर टाकला आणि प्लेट घासली. मधला भाग कितीतरी वेळ पेपरला लागतच नव्हता, एवढी वाकडी. कड कानसीने मोकळी केली, नवीन पॅकिंग टाकलं, नट हलक्या हाताने आडवेतिडवे आवळले. रेस ९०० वर स्थिर. मिक्श्चरचा स्क्रूही बोलायला लागला, दोन फेऱ्यांच्या आसपास. पीयूसीला सीओ (कार्बन मोनॉक्साइड) २.१ आला, आपल्या जुन्या गाड्यांना मर्यादा ३ टक्के, म्हणजे पास.

पण 'भक्' काही गेलं नाही. पंपाची धार चांगली आहे, बघितली. स्पेसर घातला तर बोनेट लागतं, फिल्टरही बसत नाही. सिंहस्थाच्या कामांसाठी सगळं नाशिक खणून ठेवलंय, त्या धुळीत उघड्या तोंडाचा कार्बोरेटर फिरवायची माझी हिंमत नाही.

तर काका, तुमचं ऐकलं. डब्यातला सोलेक्स एका टर्नरकडे नेला. त्याने भोकं रीमरने गोल करून पितळी बुश ठोकले, नवीन स्पिंडल टाकला, आणि बटरफ्लाय बसवल्यावर उजेडापुढे धरून दाखवलं. कडेने केसाएवढाही प्रकाश नाही. खर्च साडेसातशे. मी साडेआठ हजार आधी घातले ते घरी अजून सांगितलेले नाहीत.

परवा पहाटे निफाडला लग्नाला गेलो. परत निघताना काचेवर दव, स्वेटर घालून लोक शेकोटीभोवती. चोक ओढला, दुसऱ्या सेल्फला सुरू. सिग्नलला दोन्ही पाय आता आपापल्या जागी असतात.

वेबर विकायचा आहे. प्लेट घासून सपाट केलेली, चोक चालू, पंप ओके. इंजिन दीड लिटरच्या वरचं असेल तरच घ्या, नाहीतर हाच धागा पुन्हा सुरू होईल.

त्र्यंबकरोड_रायडर
किती घ्याल?

पद्मिनी८६
पाच.

त्र्यंबकरोड_रायडर
तीन. आणि वडिलांना काही बोलणार नाही.