मदत हवी आहे: टायरवर १४६/१४३ लिहिलंय, मागच्या जोडीला किती किलो धरायचं?

तासगावकरीण:
नमस्कार. गाडी अण्णांची, हिशेब माझ्याकडे. सहा चाकी ट्रक आहे, मागं दोन्ही बाजूंना दोन-दोन टायरची जोडी. आरसीवर पासिंग (मालासकट एकूण वजनाची मर्यादा) १६,२०० किलो. सीझनला बेदाण्याच्या १५ किलोच्या पेट्या भरून तासगाव ते वाशी. टायर १०.०० आर २०, १६ पीआर, सगळे रेडियल.

गेल्या आठवड्यात आणेवाडी टोलनाका सोडला आणि मागचा डाव्या बाजूचा आतला टायर फुटला. अण्णांना वाटलं दुसऱ्याच कुणाचा तरी फुटला. मागून आलेल्या ट्रॅव्हल्सवाल्यानं हॉर्न मारून हात केला तेव्हा कळलं. तोवर गाडी दोनेक किलोमीटर बाहेरच्या एकट्या टायरवर आली होती.

आता टायरवाले म्हणतात, "एक टायर ३००० किलोचा. मागं चार, म्हणजे १२ टन. तुमचा माल दहा टन. लोडचा प्रश्नच नाही, टायरच संपला होता." मला हे पटलं नाही. ओल्या फडक्यानं टायरची बाजू पुसली आणि दिसलं ते बिलाच्या पाठीमागं उतरवून घेतलं. मोठ्या अक्षरात १४६/१४३ के. खाली बारीक दोन ओळी: सिंगल ३००० किलो, ८३० केपीए (हा हवेचा दाब). ड्युअल २७२५ किलो, ८३० केपीए.

टायर तोच, रबर तेच. मग जोडीत लावला की २७५ किलो जातात कुठं? आणि मामा म्हणतात २०१८ पासून मागच्या एक्सलला साडेअकरा टन चालतात, उगाच घाबरू नका. तसं आहे का?

पेठनाका:
ताई, बारीक ओळी वाचल्यात तिथंच निम्मं काम झालं. १४६ आणि १४३ हे किलो नाहीत, तक्त्यातले नंबर आहेत. १४६ म्हणजे ३००० किलो, १४३ म्हणजे २७२५. पहिला आकडा एकट्या टायरचा, तुमच्या पुढच्या चाकांसाठी. दुसरा जोडीतल्या प्रत्येक टायरचा. 'के' म्हणजे ताशी ११० किलोमीटरपर्यंत. १६ पीआर म्हणजे आत सोळा थर आहेत असंही नाही, रेडियलमध्ये ती नुसती ताकदीची पायरी.

२७५ किलो कुठं जात नाहीत, ते राखीव ठेवलेले असतात. जोडीतले दोन्ही टायर वजन निम्मं-निम्मं उचलतील असं धरलं तर ३००० चाललं असतं, पण रस्त्यावर तसं होत नाही. रस्ता मधे उंच आणि कडेला उतरता असतो. एकात ११० पौंड हवा, दुसऱ्यात ९०, हे तर रोजचं. एक नवा, एक झिजलेला असला की नवा व्यासानं मोठा पडतो आणि वजन तोच घेतो. तुमच्या साइजला दोघांच्या व्यासात अर्ध्या इंचापेक्षा जास्त फरक नको. त्यात आतल्या टायरला एका बाजूला ब्रेक ड्रमची उष्णता आणि दुसऱ्या बाजूला शेजारचा टायर, वारा लागायला जागाच नाही. पुढच्या वेळी गाडी थांबल्या थांबल्या दोन्हींच्या बाजूवर हात ठेवून बघा, फरक हाताला कळतो.

म्हणून मागं चार गुणिले २७२५, म्हणजे १०,९०० किलो. १२ टन नाही. आणि त्यात नुसता माल नाही, गाडीच्या स्वतःच्या वजनाचा मागचा वाटाही धरायचा. टायरवाले तो विसरले.

मामांचं म्हणणं अर्धं बरोबर. २०१८ ला चार टायरच्या एक्सलची मर्यादा १०.२ वरून ११.५ टन झाली हे खरं. पण ११,५०० भागिले चार म्हणजे २८७५. तुमचा टायर २७२५ चा. टायरला सरकारचं गॅझेट वाचता येत नाही. शिवाय तुमच्या आरसीवर १६,२०० आहे, म्हणजे पुढं ६ आणि मागं १०.२ टन. तुम्ही तेच धरा.

जुना गाडीवान:
एवढं गणित कशाला? आम्ही सहा चाकीत चौदा-चौदा टन ऊस ओढलाय. आतल्यात हवा कमी असणार, दुसरं काय. टॉमीनं, म्हणजे लोखंडी दांड्यानं, ठोकून बघायचं, बद्द आवाज आला की हवा गेली.

पेठनाका:
काका, ते जुन्या पद्धतीचे नायलॉनचे टायर, वेग चाळीसचा आणि कारखाना वीस किलोमीटरवर. इथं भरल्या गाडीनं वाशीपर्यंत सत्तरनं जायचंय. हवेचं मात्र खरं आहे. फक्त टॉमीला ३० पौंडांचा फरक कळत नाही, गेजच लावा. ताई, मागं हवा किती असते? आणि मागचा एक्सल कधी एकटा काट्यावर घेतलाय का?

तासगावकरीण:
हवा १००. पंक्चरवाले नेहमी तेवढीच मारतात. काट्यावर कायम अख्खी गाडी घेतो, १६,२०० च्या आत असते. पावत्या आहेत माझ्याकडे.

पेठनाका:
८३० केपीए म्हणजे १२० पौंड, तेही थंड टायरमध्ये. २७२५ किलो त्या हवेवर लिहिलेत. १०० वर तेवढे उचलायचे नाहीत. आणि एकूण वजन बसलं म्हणजे एक्सल बसला असं नाही. पुढच्या खेपेला फक्त मागची चाकं काट्यावर चढवा, पुढची बाहेर सपाट जागेवर. ब्रेक सोडून ठेवायला सांगा, नाहीतर आकडा खोटा येतो.

तासगावकरीण:
परवा भरली तेव्हा केलं. काटेवाला वैतागला, मागं रांग होती, पण केलं. अख्खी गाडी १६,०५०. नुसती मागची चाकं ११,१२०. मी पावती दोनदा वाचली. एकूण वजनात दीडशे किलो कमी आणि मागच्या एक्सलवर नऊशे वीस जास्त!

कारणही सापडलं. केबिनच्या मागं दोन फूट जागा आम्ही ताडपत्री आणि दोरासाठी मोकळी सोडतो, आणि पेट्यांची थप्पी तिथून मागं लावतो. वर्षानुवर्षं.

पेठनाका:
म्हणजे एका टायरवर सरासरी २७८०, आणि तेही १०० पौंडांवर. आतलाच फुटला यात नवल नाही. आणि तो फुटल्यावर दोन किलोमीटर बाहेरच्या एकट्यावर साडेपाच टन होते, एकट्याची मर्यादा ३०००. बाहेरचा तो टायरही बदला. वरून चांगला दिसेल, पण आत काय झालंय ते दिसत नाही. स्टेपनीत पण ठेवू नका.

जुना गाडीवान:
बदलताना जोडीनं घ्या. एक नवा, एक रिमोल्ड (जुन्यावर नवं रबर चढवलेला) असं नको. आणि नायलॉन फुकट मिळाला तरी रेडियलच्या शेजारी नको. एवढं तरी मी सांगू शकतो.

तासगावकरीण:
बदलला. दोन्ही नवे, एकाच साइजचे, १४६/१४३ चेच. ताडपत्री केबिनच्या टपावर गेली. हमालांना एक्स्ट्रा देऊन अख्खी थप्पी दीड फूट पुढं घ्यायला लावली. पुन्हा काट्यावर: एकूण १६,०५०, मागचा एक्सल १०,१४०. माल एक पेटीही कमी केला नाही.

हवेवरून अण्णांचं आणि पंक्चरवाल्याचं वाजलं. तो म्हणे १२० मारली तर गाडी उडते. शेवटी अण्णांनी त्यालाच फडकं दिलं आणि टायरची बाजू पुसायला लावली. आता एकच अडचण उरली आहे: आतल्या टायरचा व्हॉल्व्ह असा वळलेला आहे की गेज बसतच नाही, दर वेळी बाहेरचं चाक काढावं लागतं. लांब व्हॉल्व्हची ट्यूब सांगलीत मिळेल का, की मिरजेत विचारू?