समोरचे ऐकतायत का? अंगाच्या हालचालींवरून ओळखण्याचे अनुभव

कोकणात ज्यांना सतत माणसांपुढे बोलावं लागतं, त्यांनी इथे लिहावं. किस्से नकोत. काय बघता, कुठे फसायला होतं, मग काय करता, तेवढंच.

कीर्तन, गुहागर
पेटी-तबला चालू असताना कोण डुलतंय यावर जाऊ नका, ठेक्यावर अंग आपोआप हलतं. पेटी थांबवून निरूपण सुरू झालं की पहिली दोन-तीन मिनिटं बघा. वारा घेणारा हात मध्येच थांबला, खांबाला टेकलेला माणूस पाठ सोडून पुढे आला, तर लक्ष आहे. नुसतं टेकणं म्हणजे कंटाळा नव्हे, पाठ दुखत असेल. बघायचा तो बदल. मध्यंतरात बुक्का लावून झाल्यावर मंडळी आपापल्या जागी परतली तर उत्तररंग, म्हणजे पुढचं आख्यान, मोकळेपणी रंगवा. दाराशी बसली तर आख्यान आटोपतं घ्या.

आंबा बागायतदारांच्या बैठका, देवगड
हाताची घडी म्हणजे विरोध, हे मला पटत नाही. घडी घालून बसायची सवयच असते. मला भीती वाटते ती सगळ्यांनी एकसारखी मान डोलावण्याची. प्रश्न एकही नाही आणि ‘होय, होय’ चाललंय, म्हणजे फक्त तुमचा मान राखला जातोय. फवारणीचं प्रमाण सांगून गप्प राहा. ज्याला खरंच करायचंय तो आकडा पुटपुटतो, खिशात पेन शोधतो. तसं काहीच दिसलं नाही तर विचारा, “१० लिटरला ५ मिली, तर तुमच्या १६ लिटरच्या पंपाला किती?” ‘८’ पटकन आलं तर पुढे जा. सगळे शेजाऱ्याकडे बघायला लागले तर तोच भाग पुन्हा, यावेळी पंप पुढ्यात ठेवून.

सिंधुदुर्ग किल्ला, मालवण
पावलं बघा. चेहरा भिडेखातर हसतो, पावलांना भीड नसते. तोंड तुमच्याकडे आणि पंजे दरवाजाकडे, म्हणजे परतीची होडी डोक्यात आहे. मात्र उन्हात उभं केलंत तर सगळ्यांचीच पावलं सावलीकडे वळणार. आधी सावलीत न्या, मग अंदाज बांधा. बांधकाम सुरू झाल्याचं १६६४ साल सांगताना नजरा भटकतातच. तटाच्या पायातल्या दगडांत शिसं ओतल्याचं सांगितलं की माना खाली वळतात. तिथे थांबा, तिथेच बोला. मोबाइल वर गेला म्हणून हुरळून जाऊ नका. फोटो काढल्यावर नजर परत दगडावर जाते का, ते महत्त्वाचं.

दशावतारी नाटक, कुडाळ
मध्यरात्रीनंतर जांभया मोजू नयेत. पुढची पोरां निजतलीच. मागे उभे असलेले बघा, त्यांना निघून जाणं सगळ्यात सोपं. चहाचा पेला ओठाशी जाऊन अडला तर संवाद वाढवा. आपले संवाद लिहिलेले नसतात, त्याचा हाच तर उपयोग. हे मागचे आपसात बोलायला लागले तर युद्ध लवकर आणा.

शाळा, चिपळूण
पावसाळ्यात पत्र्याखाली मुलं पुढे झुकली, भुवया आवळल्या, तर बहुतेक वेळा ऐकूच येत नसतं. आवाज चढवून उपयोग नाही. फळ्यावर लिहा आणि पावसाची सर कमी होईपर्यंत थांबा.