मंजुरी म्हणजे रोकड नव्हे

धरमपेठकर: कालच्या धाग्यात एकानं लिहिलं, 'दिल्लीचं अर्थ मंत्रालय तिजोरीवर बसलेला नाग आहे. संसदेनं मंजूर केलेला पैसा १ एप्रिललाच सगळा खात्यांना देऊन टाका.' वाचून डोकं तापलं. अहो, कर वर्षभर येतो, अग्रिम कराचे हप्ते जून, सप्टेंबर, डिसेंबर आणि मार्चात. पगार मात्र दर महिन्याला द्यायचे. मधली फट ट्रेझरी बिलांनी, म्हणजे बाजारातून काढलेल्या अल्पमुदतीच्या कर्जानं, नाहीतर अर्थोपाय अग्रिमानं, म्हणजे रिझर्व्ह बँकेच्या तात्पुरत्या उसन्या पैशानं, भरतात, त्यावर व्याज पडतं. खात्यांचा पैसा बँकांत पडून आणि सरकार बाजारात कर्ज काढतंय, असं वर्षानुवर्षं चाललं. म्हणून तर २०२१ मध्ये केंद्रानं आपल्या योजनांसाठी राज्यात योजनेगणिक एकच नोडल खातं, म्हणजे सगळा पैसा ठेवायचं एकच मुख्य बँक खातं, सक्तीचं केलं.

इतवारीचा गादीवाला: मी सरकारी वसतिगृहाला गाद्या पुरवल्या. दोन दिवाळ्या गेल्या, बिल नाही. 'निधी नाही' म्हणतात. ३१ मार्चच्या रात्री मात्र दुसऱ्यांची बिलं निघाली. पोरीची फी मी व्याजानं पैसे काढून भरली. ते व्याज कोणत्या फटीत बसते?

निवृत्त लेखाधिकारी: दोष कोषागाराचा नाही. बीडीएस, म्हणजे निधी वाटपाच्या संगणक प्रणालीतून निघणारी मंजुरीची पावती, निघाल्याशिवाय आम्ही बिल घेऊच शकत नव्हतो.

विदर्भवादी: काहून निघत नाही, ते सांगा नं! वितरणाच्या चाव्या मुंबईत. विदर्भाला निधीत वाटा देतो म्हणणारा १९५३ चा नागपूर करार काढा. दांडेकर समितीनं १९८४ मध्ये अनुशेष, म्हणजे विकासात कोणता भाग किती मागं राहिला ते, मोजून दिला. विदर्भाच्या विकास मंडळाची मुदत २०२० मध्ये संपली. डिसेंबरात अधिवेशनाला इथं नागपुरात येऊन पुरवणी मागण्या, म्हणजे अर्थसंकल्पावरचा जादा खर्च, मंजूर करतात अन् निघून जातात.

धरमपेठकर: विषय केंद्राच्या तिजोरीचा आहे. प्रत्येक धाग्यात अनुशेष आणू नका.

विदर्भवादी: आणणार! माझ्या बापाची शेती कालव्याच्या वाटेकडे डोळे लावून गेली. तुमच्यासाठी तो 'विषय' असेल. कोणाला आधी अन् कोणाला मार्चात, हे तिजोरीवर बसलेलाच ठरवतो.

धरमपेठकर: तोंड सांभाळून बोला, माझंही गाव काटोलकडेच आहे. कोणाला किती, हे विधिमंडळ ठरवतं. तुमच्या आमदाराला धरा. कधी द्यायचं यात हात आखडतात, एवढं मान्य. केंद्रानं शेवटच्या तिमाहीला ३३ टक्के आणि एकट्या मार्चला १५ टक्के अशी खर्चाची मर्यादा घातली, ती या झुंबडीमुळेच.

विदर्भवादी: म्हणजे झुंबड होते. एवढं कबूल करायला इतका वेळ!

इतवारीचा गादीवाला: तुमचं होऊ द्या. माझ्या बिलाचं काय?

निवृत्त लेखाधिकारी: भाऊ, खात्याला माहिती अधिकारात दोनच गोष्टी विचारा: या लेखाशीर्षाचं, म्हणजे तुमचं बिल ज्या खर्चाच्या सदरात बसतं त्याचं, बीडीएस कोणत्या तारखेला निघालं, आणि त्यातून कोणाकोणाची बिलं काढली. अर्ज मी लिहून देतो.